वर्डमधला फोटो पळून का जातो?

सप्टेंबर आला की महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांची झोप उडते. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आणि त्याआधी सभासदांच्या हातात अहवाल द्यायचा. सभेची नोटीस, मागच्या सभेचं इतिवृत्त, समितीचा अहवाल, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे आधीचे आणि नंतरचे फोटो, ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, थकबाकीदारांची यादी. वीस-बावीस पानांचा मामला. डीटीपीवाल्याला पैसे द्यायचे नसतात, म्हणून ‘मला वर्ड येतं’ असं एकदा चुकून बोलून गेलेल्या सभासदाच्या गळ्यात हे काम पडतं. मजकूर एखाद्या संध्याकाळी टाइप होतो. रात्री जातात त्या पुढच्या कामात: फोटो जागेवर बसत नाही, ताळेबंद पानात मावत नाही, मथळा एका पानाच्या तळाशी राहतो आणि त्याखालचा मजकूर दुसऱ्या पानावर निघून जातो.

हा अहवालच इथे उदाहरण म्हणून घेतो. पानाच्या मांडणीत येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण त्यात सापडते, आणि त्यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे. आपण वर्डकडे कागद म्हणून बघतो. वर्डच्या लेखी मात्र कागद ही सगळ्यात शेवटी येणारी गोष्ट आहे.

वर्डच्या फाइलमध्ये पानं नसतात

पटत नसेल तर एक प्रयोग करा. एखाद्या वर्ड फाइलची प्रत काढा, तिच्या नावातलं शेवटचं ‘डॉक्स’ पुसून तिथे ‘झिप’ लिहा आणि ती उघडा. ही फाइल म्हणजे मुळात एक झिप केलेलं गाठोडंच असतं. आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर, त्यात तुमचा मजकूर परिच्छेदामागून परिच्छेद असा सलग लिहिलेला, आणि ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये तुमचे फोटो. पहिल्या पानाचा मजकूर हा, दुसऱ्याचा तो, अशी वाटणी तिथे नसते. पानं वर्ड दर वेळी नव्याने पाडतं. कागदाचा आकार काय, मार्जिन किती, त्या संगणकावर कोणते फॉन्ट आहेत, प्रिंटर कोणता निवडलाय, हे सगळं बघून ओळी कुठे तुटतील आणि पान कुठे संपेल याचा हिशोब ते फाइल उघडताना करतं. घरी २२ पानांचा दिसणारा अहवाल प्रेसमध्ये २३ पानांचा होतो तो यामुळे. त्यात प्रेसवाल्याचा काही दोष नसतो.

फसगत होण्याचं कारण इतकंच की पडद्यावर पान हुबेहूब दिसतं. ही किमया पहिल्यांदा १९७४ च्या सुमारास अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात झाली. तिथे बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी आल्टो या संगणकासाठी ब्राव्हो नावाचा प्रोग्रॅम बनवला. कागदावर जसं उमटणार तसंच पडद्यावर दाखवायचं, ही त्यातली नवी गोष्ट. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्डची पहिली आवृत्ती आली. तेव्हापासून आपल्याला जे दिसतं ते त्या क्षणीच्या हिशोबाचं चित्र असतं. एक ओळ वाढली की हिशोब बदलतो, चित्रही बदलतं.

म्हणून स्पेसबार आणि एंटर ही मांडणीची हत्यारं नव्हेत. नवीन पान हवं म्हणून अकरा वेळा एंटर दाबणारा माणूस त्या दिवशीच्या हिशोबावर विसंबून राहिलेला असतो. वर समितीने दोन ओळी वाढवल्या की ते अकरा एंटर खाली सरकतात आणि नवीन प्रकरण पानाच्या दोन ओळी उतरून सुरू होतं. त्याऐवजी कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की वर्डला सांगितलं जातं, ‘इथे पान तोड’. मग वर काहीही वाढो. ‘दिनांक’ उजवीकडे न्यायचा असेल तर स्पेसबार बडवू नका, त्या परिच्छेदाला उजवीकडे टॅब लावा. दोन परिच्छेदांत मोकळी जागा हवी तर रिकामी ओळ सोडण्यापेक्षा परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘आफ्टर’च्या चौकटीत ६ किंवा ८ पॉइंट भरा. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग.

दुसऱ्याने केलेली फाइल हातात आली की मी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबतो. होम टॅबवर उलट्या ‘पी’सारखं दिसणारं बटण आहे, तेच हे. एरवी न दिसणाऱ्या खुणा मग उघड्या पडतात: प्रत्येक स्पेसचा ठिपका, प्रत्येक टॅबचा बाण, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ती ‘पी’ची खूण. फाइल नीट केलीय की ढकलत-ढकलत आणलीय, हे दोन सेकंदांत कळतं. त्या ‘पी’च्या खुणेकडे नीट लक्ष द्या, कारण परिच्छेदाची सगळी सेटिंग त्या खुणेत साठवलेली असतात. ती पुसली की परिच्छेद पुढच्याला चिकटतो आणि कधीकधी त्याचं रूपही बदलतं. वर्डचं हे वागणं पुढे ताळेबंदाच्या वेळी पुन्हा भेटणार आहे.

मथळे, आणि देवनागरीची वेगळी वाट

मथळा ठळक केला, १६ पॉइंटचा केला, मध्ये आणला, झालं काम, असं आपल्याला वाटतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी झालं, पण वर्डसाठी तो अजून एक साधा परिच्छेदच आहे. त्याला ‘हेडिंग १’ ही स्टाइल, म्हणजे नाव दिलेला सेटिंगचा संच, लावली (कंट्रोल, ऑल्ट आणि १) की वर्डला कळतं की इथे प्रकरण सुरू होतंय. मग अनुक्रमणिका आपोआप तयार होते, डाव्या पट्टीत सगळे मथळे दिसतात, आणि त्यातला एखादा धरून वर नेला की त्याखालचा अख्खा मजकूर सोबत जातो. मथळा पानाच्या तळाशी एकटा राहण्याचा प्रश्नही मिटतो, कारण हेडिंगच्या स्टाइलमध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ आधीच चालू असतं. पुढच्या परिच्छेदाला सोडून याला एकटं ठेवू नकोस, असा तो हुकूम आहे.

इथपर्यंत इंग्रजी मदतपानांतही वाचायला मिळतं. मराठीत टाइप करणारा अडकतो तो याच्या पुढे. स्टाइल बदलायला गेलो, फॉन्ट निवडला, आकार १८ केला, ओके दाबलं, आणि मराठी मथळा ढिम्म. इंग्रजी शब्द तेवढे बदलले. कारण वर्ड प्रत्येक मजकुरासाठी फॉन्टच्या दोन नोंदी ठेवतं: एक रोमनसारख्या लिप्यांसाठी, दुसरी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी. देवनागरी दुसऱ्या गटात येते, कारण तिच्यात अक्षरं जोडली जातात, वेलांटी उच्चाराआधी दिसते, रफार डोक्यावर चढतो. फॉन्ट, आकार, ठळकपणा, या सगळ्याच्या दोन-दोन नोंदी असतात. तेव्हा स्टाइल बदलताना ‘फॉरमॅट’मधून ‘फॉन्ट’ उघडा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असं लिहिलेल्या चौकटीत मराठी फॉन्ट आणि आकार भरा. ती चौकटच दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांच्या यादीत मराठी जोडा, मग दिसेल. लिबरऑफिस रायटरमध्येही हीच विभागणी आहे. तिथे तिला ‘सीटीएल’ म्हणतात. मराठी संगणक वापरणाऱ्यांपैकी किती जण या एका चौकटीपायी स्टाइलचा नाद सोडून पुन्हा हाताने मथळे रंगवायला लागले असतील, कोण जाणे.

देवनागरीचे आणखी काही हट्ट आहेत आणि ते पुरवावेच लागतात. आपल्या अक्षरांना शिरोरेघेच्या वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. ‘कार्यकर्त्यांनी’ मधला रफार आणि अनुस्वार वर, ‘दुरुस्ती’तला ‘दु’चा उकार खाली. ओळींमधलं अंतर इंग्रजीला पुरेल इतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. त्याहून वाईट म्हणजे पानं वाचवायला कुणी ओळीचं अंतर ‘एक्झॅक्टली’ करून १२ पॉइंटवर आणतं. मग वरच्या मात्रा कापल्या जातात. ‘मल्टिपल’ निवडून १.१५ ते १.३ च्या दरम्यान ठेवा, म्हणजे फॉन्टला लागेल तेवढी जागा तो स्वतः घेतो.

इंग्रजीत मथळा उठून दिसावा म्हणून कॅपिटल अक्षरं वापरता येतात, इटॅलिक करता येतं. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. आणि इटॅलिक म्हणून जे दिसतं ती बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने तिरकी ढकललेली उभी अक्षरं असतात, सुंदर दिसत नाहीत. अधोरेखनाची रेघ उकारांवरून जाते. तेव्हा मराठी मथळ्याकडे उरतं काय? आकार, जाडी आणि मोकळी जागा. यातली मोकळी जागा फुकट असते आणि तीच सगळ्यात कमी वापरली जाते. मथळ्याच्या वर १८ पॉइंट आणि खाली ६ पॉइंट सोडून बघा. मथळा आपल्या मजकुराला बिलगतो आणि मागच्या प्रकरणापासून सुटा होतो. वर-खाली सारखी जागा सोडली तर तो मधेच लोंबकळतो.

मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ करण्याचा, म्हणजे जस्टिफाय करण्याचा मोह मराठीत जरा आवरावा असं माझं मत आहे. ‘पुनर्विकासासंदर्भातील’ यासारखे लांबलचक शब्द ओळीच्या शेवटी मावत नाहीत, अख्खे खाली जातात, आणि उरलेल्या ओळीत शब्दांमध्ये भगदाडं पडतात. दोन कॉलमांत तर फारच. डावीकडे सरळ आणि उजवीकडे वेडावाकडा मजकूर वाचायला काही अवघड नसतो.

आता तो फोटो

वर्डमध्ये फोटो टाकला की तो आधी ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ असा येतो. म्हणजे वर्ड त्याला एक मोठ्ठं अक्षर समजतं. तो ओळीत बसतो, त्याच्या आधीचा मजकूर वाढला की अक्षरासारखा पुढे सरकतो, आणि त्याला मध्ये आणायचं तर परिच्छेद मध्ये आणावा लागतो. तुम्ही माउसने धरून त्याला पानाच्या कोपऱ्यात न्यायला बघता. तो जात नाही. वैतागून कुणीतरी ‘रॅप टेक्स्ट’मध्ये जाऊन ‘इन फ्रंट ऑफ टेक्स्ट’ निवडतं. आता फोटो हवा तिथे सरकतो. आनंदीआनंद! आणि इथूनच अहवालाची वाट लागायला सुरुवात होते.

ओळीतून सुटलेला फोटो मोकळा झालाय असं दिसतं, पण वर्डने त्याला जवळच्या कुठल्या तरी परिच्छेदाला बांधलेलं असतं. हा खुंटा आहे असं समजा. दाव्याने बांधलेली गाय खुंट्याभोवती फिरते, चरते, पण खुंटा उपटून दुसऱ्या गोठ्यात रोवला तर तिला तिकडे जावंच लागतं. फोटो आणि त्याचा खुंटा कायम एकाच पानावर असतात. वर चार ओळी वाढल्या, तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला, की गच्चीचा फोटोही उडी मारून पुढच्या पानावर आणि तिथल्या थकबाकीच्या यादीवर जाऊन बसतो. ‘फिक्स पोझिशन ऑन पेज’ निवडलं तरी खुंटा सुटत नाही. पानावरची जागा तेवढी पक्की होते, पान तेच राहील याची हमी नसते. आणि ज्या परिच्छेदाला तो बांधलाय तो परिच्छेद कुणी अख्खा पुसला, तर फोटोही जातो, न सांगता. फोटो निवडल्यावर मार्जिनच्या बाजूला नांगराची छोटी खूण दिसते. ती माउसने धरून दुसऱ्या परिच्छेदाशी नेता येते. फोटो ज्याच्याबद्दल आहे त्याच परिच्छेदाशी ती असावी, एवढं बघितलं तरी निम्मा त्रास कमी होतो.

पण अहवालासारख्या कामात फोटो मोकळा सोडायची गरज असते का? माझ्या मते क्वचित. मजकूर फोटोच्या कडेने वाहणं मासिकाच्या पानावर छान दिसतं, कारण तिथे ते पान कुणीतरी शेवटपर्यंत हाताने जुळवतं. ज्या फाइलमध्ये सभेच्या आदल्या दिवसापर्यंत तीन पदाधिकारी दुरुस्त्या सुचवणार आहेत, तिथे फोटो ओळीतच ठेवावा, त्याच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद करावा आणि तो मध्ये आणावा. दिसायला साधं, पण पळत नाही.

‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारी-शेजारी हवे असतील तर दोन ओळी आणि दोन रकान्यांचा तक्ता घाला. वरच्या ओळीत फोटो, खालच्या ओळीत त्यांचं वर्णन: ‘गच्ची, कामापूर्वी’, ‘गच्ची, कामानंतर’. तक्त्याच्या गुणधर्मांत ‘ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स’ बंद करा, म्हणजे फोटोच्या आकाराने रकाने फुगत नाहीत. शेवटी तक्त्याच्या रेघा काढून टाका. वाचणाऱ्याला तक्ता दिसतही नाही, आणि फोटोंच्या ओळीला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावलं की फोटो व त्याखालची ओळ यांची ताटातूट होत नाही.

कधीकधी उलटाच प्रकार घडतो: फोटो टाकला तर त्याची नुसती एक चिंधीएवढी पट्टी दिसते. फाइल बिघडलेली नसते. त्या परिच्छेदाच्या ओळीचं अंतर ‘एक्झॅक्टली’ केलेलं असतं. वर्डसाठी फोटो हे अक्षर आहे, आणि ओळीची उंची १४ पॉइंट ठरवून दिलीय, म्हणून ते फोटोचा १४ पॉइंटांपुरताच तुकडा दाखवतं. अंतर ‘सिंगल’ केलं की फोटो पूर्ण दिसतो.

फोटोखाली ‘चित्र ३’ वगैरे हाताने लिहू नका. ‘इन्सर्ट कॅप्शन’मध्ये ‘न्यू लेबल’ करून एकदा ‘चित्र’ लिहिलं की आकडे वर्ड घालतं. मजकुरातही ‘चित्र ३ पाहा’ हे ‘क्रॉस-रेफरन्स’ने टाकलं, तर मध्ये नवा फोटो आल्यावर सगळे आकडे सुधारता येतात. मात्र ते आपोआप लगेच बदलत नाहीत. सगळा मजकूर निवडून एफ-९ दाबावं लागतं. अनुक्रमणिकेचंही तेच.

फोटोच्या दर्जाचं गणित सोपं आहे आणि ते कुणी करत नाही. छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल चांगले. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. दोन्हीकडे एकेक इंच मार्जिन सोडलं तर मजकुराला सुमारे १५९ मिलिमीटर उरतात, म्हणजे सव्वासहा इंच. पूर्ण रुंदीच्या फोटोला साधारण १,८८० पिक्सेल हवेत. १,२०० पिक्सेलचा फोटो ४ इंचांत झकास दिसेल, ताणून पानभर केला तर मऊ पडेल. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो वाटेत लहान झालेला असतो; तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावा. शिवाय वर्डही सेव्ह करताना फोटो दाबतं. ते नको असेल तर ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांत ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर खूण करा.

आणि एक सावधगिरी. वर्डमध्ये फोटो कापला म्हणजे क्रॉप केला, तरी कापलेला भाग फाइलमध्ये राहतो. कुणीही क्रॉप पुन्हा उघडून तो बघू शकतो. फोटोच्या कडेला एखाद्याच्या गाडीचा नंबर किंवा पासबुकाचं पान आलं होतं म्हणून तुम्ही कापलं असेल, तर ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स’ निवडल्याशिवाय ते जात नाही.

ताळेबंदाचं आडवं पान

ताळेबंदात डावीकडे भांडवल आणि देणी, उजवीकडे मालमत्ता आणि येणी, दोन्हीकडे गेल्या वर्षाचे आणि यंदाचे आकडे. सहा रकाने होतात. उभ्या पानात ते कोंबले की आकडे दोन ओळींत तुटतात, ‘१२,३४,’ वर आणि ‘५६७’ खाली. म्हणून तेवढं एक पान आडवं हवं. सरळ ‘ओरिएंटेशन’मध्ये ‘लँडस्केप’ दाबलं की सगळाच अहवाल आडवा होतो.

उपाय म्हणजे सेक्शन ब्रेक. ताळेबंदाच्या आधी ‘लेआउट’मधून ‘ब्रेक्स’, त्यात ‘नेक्स्ट पेज’. ताळेबंदानंतर पुन्हा तेच. आता फाइलचे तीन भाग झाले. मधल्या भागात कर्सर ठेवून ‘लँडस्केप’ निवडा. बहुतेक जण दुसरा ब्रेक घालायला विसरतात आणि मग यादीपर्यंत सगळी पानं आडवी पडतात.

इथे ती ‘पी’ची खूण आठवा. परिच्छेदाची सेटिंग जशी त्याच्या शेवटच्या खुणेत असतात, तशी एका भागाची कागदाची दिशा, मार्जिन, कॉलम हे सगळं त्या भागाच्या शेवटी असलेल्या सेक्शन ब्रेकमध्ये साठवलेलं असतं. म्हणून ‘हा ब्रेक कशाला हवा’ म्हणत कुणी पहिला ब्रेक पुसला, तर आधीची उभी पानं पुढच्या भागाची सेटिंग घेतात आणि आडवी होतात. सगळ्यांना वाटतं वर्ड पिसाळलं. ते फक्त आपला नियम पाळत असतं. असं झालं की कंट्रोल आणि झेड, आणि मग शांतपणे त्या खुणा दाखवणारं बटण.

नव्या भागाचा फूटर, म्हणजे पानाच्या तळाची पट्टी, आधीच्या भागाच्या फूटरशी जोडलेला असतो. आडव्या पानावर तळाशी वेगळा मजकूर हवा तर आधी ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा, नाहीतर इथे लिहिलेलं मागच्या पानांवरही उमटतं. पानांचे आकडे मध्येच पुन्हा १ पासून सुरू झाले तर ‘कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन’ बघा. लिबरऑफिसमध्ये ही व्यवस्था वेगळी आहे: तिथे आडव्या पानासाठी पानाची स्टाइल असते, आणि सेक्शन म्हणजे निराळंच काहीतरी. वर्डमधला हात तिथे तसाच चालवू नका.

तक्ता पानभर असो की चार पानांचा, आकडे उजवीकडे सरळ लावा. एकक एककाखाली, दशक दशकाखाली आलं की डोळा बेरीज करत जातो. मध्ये आणलेले आकडे तसे वाचता येत नाहीत. एक्सेलमधून आकडे आणताना लाख-कोटीचे स्वल्पविराम बघा. ‘१,२३४,५६७’ असं येत असेल तर विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये आकड्यांचे गट भारतीय पद्धतीचे करून घ्या. तक्त्याचा स्क्रीनशॉट चिकटवू नका. तो छपाईत पुसट दिसतो आणि त्यातलं नाव शोधताही येत नाही. यादी पुढच्या पानावर जात असेल तर पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ दाबा, म्हणजे ‘सदनिका क्र., नाव, रक्कम’ हे मथळे प्रत्येक पानावर येतील. ‘अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’वरची खूण काढा, म्हणजे एकाच माणसाचं अर्धं नाव या पानावर आणि अर्धं त्या पानावर असं होणार नाही.

रंगांचं काय? मूळ प्रत रंगीत असली तरी सभासदांच्या हातात बहुधा झेरॉक्स पडते. लाल म्हणजे थकबाकी आणि हिरवा म्हणजे जमा असं दाखवलं असेल तर झेरॉक्समध्ये दोन्ही सारखेच करडे दिसतात. फिकट करड्या पट्ट्यांवर डाग पडल्यासारखे ठिपके येतात. रंगासोबत शब्द किंवा खूण असू द्या. पडद्यावर वाचणाऱ्यांसाठी वेबच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुराला ४.५ : १ इतका कमीत कमी कॉन्ट्रास्ट सांगितला आहे, पिवळ्यावर पांढरी अक्षरं त्यात कधीच पास होत नाहीत, आमंत्रणपत्रिकांत ती कितीही आवडती असली तरी. आलेख काढायचा तर साधे स्तंभ काढा. त्रिमितीय पाय चार्टमध्ये पुढची फोड उगाच मोठी दिसते, आणि सभेत नेमका तिच्यावरच वाद होतो.

कागद आधी ठरवा

खरं तर हे सुरुवातीलाच करायचं काम आहे, पण कुणी करत नाही. बाहेरून उतरवलेल्या टेम्प्लेटचा कागद पुष्कळदा अमेरिकन ‘लेटर’ असतो: ८.५ बाय ११ इंच. आपला ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे थोडा अरुंद आणि जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर जास्त उंच. शेवटी कागद बदलला की सगळी पानं पुन्हा पडतात.

ए-फोर अर्धा दुमडला की ए-फाइव्ह होतो आणि दोघांच्या बाजूंचं प्रमाण एकच राहतं, १ : १.४१. म्हणून ए-फोरवर केलेली फाइल प्रेसवाला सहज ए-फाइव्ह पुस्तिकेत छापून देतो. पण तसं करताना सगळं ७१ टक्क्यांवर येतं. तुमची १२ पॉइंटची अक्षरं साडेआठ पॉइंटची होतात आणि ज्येष्ठ सभासद भिंग शोधतात. पुस्तिका करायची असेल तर पहिल्या दिवशीच कागद ए-फाइव्ह करा. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे २२ पानांच्या अहवालाला २४ धरा.

सगळं झाल्यावर फाइल वर्डमध्येच पुढे पाठवू नका, पीडीएफ करा. समोरच्याकडे तुमचा फॉन्ट नसेल तर वर्ड दुसरा कुठला तरी घालतं आणि पानं पुन्हा पडतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफ करताना ‘प्रिंट’मधून न करता ‘सेव्ह ॲज’मधून करा आणि तिथल्या पर्यायांत ‘क्रिएट बुकमार्क्स यूजिंग हेडिंग्ज’वर खूण करा. मग तुम्ही लावलेल्या हेडिंगच्या स्टाइलचे बुकमार्क होतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर आलेला अहवाल मोबाइलवर उघडणाऱ्याला हव्या त्या प्रकरणावर थेट जाता येतं. बहुतेक जण आधी थकबाकीदारांच्या यादीवरच जातात, तेव्हा तिच्या मथळ्याला स्टाइल लावायला विसरू नका.